फेरीतली हिरव्या साडीची बाई

गेल्या रविवारी दुपारी आमच्या गोव्यातल्या चोपड्याच्या घरी टीव्ही बंद होता... लग्न होऊन इथे आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच.

माझी रविवारची पोस्ट तुम्हाला ठाऊक आहेच. एके काळी गाजलेला एखादा जुना पिक्चर बघायचा आणि शेवटी निकाल द्यायचा, 'बघा' नाहीतर 'सोडा'. 'सोडा' म्हणताना माझी जीभ जरा जास्तच सैल सुटते आणि तुम्हाला नेमकं तेच आवडतं, हेही मला माहीत आहे.

हे पिक्चर मी एकटी बघत नाही. शेजारच्या सुमनकाकी जेवणं आटोपली की येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि नायक रडायला लागला की खुशाल डुलकी काढतात. वय साठीच्या पुढे, घरात एकट्याच. काका इथल्या फेरीबोटीवर कामाला होते, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

काकींनी कधी अमुक पिक्चर लाव म्हणून सांगितलं नव्हतं. दोनेक महिन्यांपूर्वी मात्र एकदम म्हणाल्या, "तो आमच्या फेरीचो पिक्चर बघ गो एकदां. बरो आसा."

गोवा राज्य झालं त्या सुमाराचा पिक्चर. नदीवर पूल नव्हता, तेव्हा आमच्या चोपड्याच्या फेरीत त्याचं शूटिंग झालं होतं. माझं माहेर डिचोलीचं... मी इथे आले तेव्हा पूल झालेला होता, त्यामुळे हे सगळं मला ऐकूनच माहीत.

काकी चार दिवस लेकीकडे फोंड्याला गेल्या होत्या. मी थांबायला हवं होतं... पण रविवार आला होता आणि पोस्ट टाकायची होती. एकटीनेच बघितला, आणि खोटं कशाला सांगू, दीडपट स्पीडने बघितला.

पिक्चर रद्दी. नायकाच्या घरात चूल पेटत नाही, गावात उपासमार... आणि फेरीत चढलेल्या सगळ्या बायका रेशमी साड्या नेसून, गळ्यात सोनं, डोक्यात अबोलीचे वळेसर! सगळ्यात पुढे हिरव्या साडीतली एक तरुण बाई, चक्क कॅमेऱ्यात बघून हसतेय.

मला आयतंच सापडलं. तिथेच थांबवून स्क्रीनशॉट काढला, तिच्या तोंडाभोवती लाल रेघेचा गोल केला आणि लिहिलं, 'या बाईंना कुणीतरी सांगा हो, हा लग्नाचा अल्बम नाही.' निकाल अर्थातच 'सोडा'. तुम्ही पोट धरून हसलात आणि फोटो कुठल्या कुठल्या ग्रुपवर गेला... मी दिवसभर खूश होते.

काकी फोंड्याहून परतल्या, पण पुढच्या रविवारी माझ्याकडे आल्या नाहीत. डोळे दुखतात म्हणाल्या. त्याच्या पुढच्या रविवारी गुडघा. तिसऱ्या रविवारी मी वाटीभर खतखतं घेऊन त्यांच्याकडे गेले, तर वाटी घेतली, पण चहाचं विचारलं नाही. ज्या घरातून चहा न घेता मी कधी सुटले नव्हते, त्या घरात मी नुसती उभी होते.

मग एवढंच म्हणाल्या, "तुका त्यांत कोण वळखीचें दिसलें ना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तीच हनुवटी, हसताना तसाच एका बाजूला जाणारा ओठ... मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यांनी मला पिक्चर सांगितला होता तो याचसाठी. मी आपणहून ओळखावं आणि धावत यावं, एवढीच हौस. वाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी लगेच ओळखलं होतं. देवळात कुणीतरी मोबाईल पुढे करून तो फोटो काकींना दाखवला आणि सगळे हसले.

मग काकींनीच हळूहळू सगळं सांगितलं. त्या साड्यांचं कारण अगदी साधं होतं. पिक्चरात दिसायचं म्हटल्यावर अख्ख्या गावाने चतुर्थीचे ठेवणीतले कपडे बाहेर काढले. डायरेक्टर डोक्याला हात लावून बसला, पण परत घरी जाऊन कुणी जुनेर नेसून येईना.

आणि ते हसणं... फेरी हलते म्हणून कॅमेऱ्याचा स्टँड धरून ठेवायला फेरीवरच्याच माणसाला उभं केलं होतं. ते काका. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, घर सासू-सासऱ्यांनी आणि दिरांनी भरलेलं, नवऱ्याकडे दिवसाउजेडी मान वर करून बघायची सोय नव्हती. त्या दिवशी सगळं घर काठावर होतं आणि काकी फेरीत. इकडे बघू नका म्हणून डायरेक्टर ओरडत होता आणि त्यांनी बघितलं.

मी माफी मागितली. पोस्ट काढून टाकते म्हटलं, तर काकी म्हणाल्या, "ती तांबडी रेघ तेवडी पुस आनी फोटो माका दी." मग थोड्या वेळाने, "तो फोटोंत ना गो. पूण हांव खंय बघतां तें माका कळटा मगे."

पेडण्याच्या स्टुडिओत स्वच्छ प्रिंट काढून आणून दिली. त्यांनी ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. पण गेल्या रविवारीही खुर्ची रिकामीच राहिली आणि माझ्याने टीव्ही लाववला नाही. इतकी वर्षं शेजारी बसलेलं माणूस... मी त्याच्या तोंडाला लाल गोल केला आणि मला कळलंही नाही. याचं फार वाईट वाटतंय.

पिक्चर रद्दीच आहे, ते मत बदललेलं नाही. पण तुमच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये तो लाल गोलाचा फोटो असेल तर कृपा करून काढून टाका.

ती बाई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती.