हातमोजे घातले नव्हते

मिरजेत मी अकरा वर्षं नर्स होते. ऑकलंडला आलो ते नवऱ्याच्या नोकरीवर, आणि ती चार महिन्यांत गेली. माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन कागदपत्रांत अडकलेलं. शेवटी हेन्डरसनच्या पलीकडे एका मोठ्या लाँड्रीत मला काम मिळालं. हॉस्पिटलांच्या चादरी, गाऊन, टॉवेल तिथे धुवायला यायचे. व्हिसा त्या लाँड्रीशी बांधलेला होता. तिथलं काम गेलं की नवरा, मुलगी आणि मी, तिघंही परत, हे घरात कोणी बोलून दाखवत नसे.

माझी जागा मळक्या कपड्यांच्या टेबलावर. पिशव्या फाडायच्या, आतलं सरकत्या पट्ट्यावर पसरायचं, आणि कपड्यांत नसायला हवं ते वेगळं काढायचं. दातांच्या कवळ्या निघत, चष्मे निघत, कात्र्या निघत. आणि सुया. वॉर्डातल्या घाईत कोणीतरी चादरीतच गुंडाळून टाकलेल्या.

टेबलं दोन होती. एका टेबलावर आम्ही: पंजाबी, फिजीच्या गुजराती, केरळच्या दोघी आणि मी. दुसऱ्यावर सामोआ-टोंगा बेटांवरच्या बायका, बहुतेक जुन्या. असं बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, पण मॅनेजरने भिंतीवर एक बोर्ड लावला होता. निळ्या खडूने एका टेबलाच्या पिशव्यांचा आकडा, लाल खडूने दुसऱ्याच्या. आम्ही निळ्या. आम्ही जिंकलो की तो येऊन म्हणायचा, "गुड ऑन यू, लेडीज," आणि दुसऱ्या टेबलाकडे बघून नुसता हसायचा. चहाच्या सुट्टीला, तिथे तिला स्मोको म्हणतात, आम्ही हिंदीत त्यांच्या अंगावर, खाण्यावर, हळू चालण्यावर बोलायचो. मीही बोलायचे. त्या त्यांच्या भाषेत आमच्याबद्दल काय बोलायच्या ते कळत नसे, पण माझा डबा उघडला की त्यांतली एक नाकाला पदर लावल्यासारखा टॉवेल लावायची.

त्यांच्या टेबलावरच्या एका टोंगन बाईला सगळेच आंटी म्हणत. सत्तावन्न-अठ्ठावन्नची, रुंद खांद्यांची, तीस वर्षं त्याच लाँड्रीत. युनियनची प्रतिनिधी तीच. पहिल्या दिवशी मी पिशवी दाबून आत काय आहे ते चाचपायला गेले, तर तिने पलीकडून येऊन माझ्या हातावर फटका मारला.

"आधी डोळे. हात मागाहून."

मला राग आला होता. मी आयसीयू सांभाळलेली बाई.

ती गोड बोलणारी नव्हती. एकदा स्मोकोला माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही लोक काहीही सांगितलं तरी करता. वर हसता. म्हणून त्याला तुम्ही आवडता."

"आणि तुम्ही?" मी म्हटलं.

"माझ्या बापाला इथे कारखान्यात बोलावून आणलं होतं. माणसं कमी होती तेव्हा. काम कमी झाल्यावर परत पाठवायला पहाटे पोलीस दारात. मी सात वर्षांची, काकासोबत पलंगाखाली. त्यांनी काकाला पाय धरून ओढून काढला." तिने चहाचा घोट घेतला. "आता तुम्हाला बोलावलंय."

मी तेव्हा मनात म्हटलं, आम्ही शिकलेले आहोत. आमचं तसं होणार नाही.

त्या हिवाळ्यात सुया टोचण्याचं प्रमाण वाढलं. आमचे हातमोजे पातळ रबराचे होते, सुई त्यातून सहज आत जायची. आंटीने जाड मोजे मागितले, जाळी विणलेले, सुई न शिरणारे. मॅनेजर म्हणाला, त्याने कामाचा वेग पडेल. मग आंटीने संपाची गोष्ट काढली. शुक्रवारी मत घ्यायचं ठरलं. तिने आमच्या टेबलावर येऊन एकेकीशी बोलणं सुरू केलं आणि फिजीच्या दोघी हो म्हणाल्यासुद्धा.

त्याआधीच मॅनेजरला कळलं होतं की मी नर्स आहे. कोणाला टोचलं की बायका माझ्याकडे यायच्या म्हणून. त्याने मला टेबलावरून उचललं आणि एका छोट्या खोलीत बसवलं. सिंक, औषधांचं कपाट, अपघाताचे फॉर्म. हात कोरडे राहतात, पाठ सरळ राहते, एवढ्यानेच मी खूश होते. मुलीने घरी विचारलं, "सो यू आर अ नर्स अगेन?" मी हो म्हटलं.

मंगळवारी सकाळी आंटी त्या खोलीत आली. डावा हात वर धरलेला. मोज्यावर अंगठ्यापाशी रक्ताचा ठिपका होता.

"जाड सुई," ती म्हणाली. "आत गेली."

मी माझ्या हाताने तिचा मोजा उतरवला. नळाखाली तिचा अंगठा धरला. पाणी वाहत होतं, ती भिंतीकडे बघत होती.

"रक्त कधी तपासायचं?"

"आज. मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी."

"तीन महिने नातवंडाच्या ताटातलं खाऊ नको का?"

"खा. त्याने काही होत नाही."

तिने पहिल्यांदाच माझ्या दंडावर हात ठेवला. मग सुपरवायझर तिला डॉक्टरकडे घेऊन गेली.

दहा मिनिटांत मॅनेजर आला. दार लावून घेतलं. सिंकच्या कडेला पडलेला मोजा त्याने पेपर टॉवेलात गुंडाळला आणि दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकला.

"मोजे घातले होते तिने?"

"हो."

"मला नाही दिसला मोजा." तो खुर्ची ओढून बसला. आवाज अगदी साधा होता. "तुझ्या व्हिसाचं पत्र माझ्या टेबलावर आहे. या आठवड्यात सही करायचीय. तू नीट काम करणारी आहेस. तुमची माणसं गडबड करत नाहीत, हेच मला आवडतं."

मी फॉर्मकडे बघत बसले. त्यात एक रकाना होता: संरक्षक साधनं वापरली होती का. त्याने पेन माझ्यापुढे ठेवला नाही, माझ्या हातातच होता. मी लिहिलं, हातमोजे घातले नव्हते. खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

गुरुवारी आंटीला सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल काढून टाकलं. शुक्रवारी मतदान झालं, पण आमच्या टेबलाने हात वर केला नाही. फिजीच्या दोघींनीही नाही. लाल खडूवाल्या बायकांकडे मी पाहिलं नाही. संप झाला नाही.

युनियनने तक्रार केली. दोन महिन्यांनी मध्यस्थीसाठी सगळ्यांना एका सरकारी ऑफिसात बोलावलं. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, मध्ये एक सरकारी बाई. आंटी चर्चला जायच्या काळ्या पोशाखात आली होती, टोंगन रीतीप्रमाणे कमरेला विणलेली चटई बांधून. तिने माझ्याकडे बघितलं आणि युनियनच्या वकिलाला थांबवून स्वतःच बोलली.

"हिने माझा मोजा काढला. स्वतःच्या हाताने. विचारा हिला."

सरकारी बाईने माझ्याकडे वळून विचारलं, "आठवतंय तुम्हाला?"

मी म्हणाले, "फॉर्ममध्ये आहे तेच."

"आठवतंय का, असं विचारलं मी."

"नाही. आठवत नाही."

आंटी ओरडली नाही. तिने हात टेबलावर उपडे ठेवले आणि टोंगनमध्ये शेजारी बसलेल्या दुभाषी मुलीला काहीतरी म्हणाली. मुलीने भाषांतर केलं नाही. केस तिथेच संपली. फॉर्म आणि नर्सची साक्ष यांच्यापुढे तिच्या शब्दाला काय किंमत.

परतताना मॅनेजरने मला गाडीतून आणलं. वाटेत सँडरिंगहॅमला मिठाईच्या दुकानापाशी गाडी थांबवून म्हणाला, "मुलीसाठी काही घे." मी घेतलं. घरी ती मिठाई आनंदाने खाल्ली गेली.

लाल टेबलावरच्या एका सामोअन बाईला मी महिनाभराने बाथरूममध्ये गाठलं आणि आंटीचं रक्त कसं आलं ते विचारलं. तिने हात धुतले, पुसले. "क्लीन," ती म्हणाली. "तुला झोप यावी म्हणून सांगत नाहीये." आणि गेली. आंटीला दुसरीकडे काम मिळालं नव्हतं, हे नंतर कोणाकडून तरी कळलं. पन्नाशी ओलांडलेली, सुरक्षेच्या कारणावरून काढलेली बाई कोण ठेवणार.

पुढच्या वर्षी माझं रजिस्ट्रेशन आलं. आता मी एका हॉस्पिटलात आहे, कामात मला नावं ठेवायला जागा नाही. लाँड्री सोडताना मॅनेजरने हात मिळवला आणि विचारलं, तुझ्यासारखी दुसरी कोणी आहे का? होती. पुण्याची एक नर्स, पापाकुराला राहणारी, कागदपत्रांची वाट बघणारी, दोन लहान मुलं. मी तिचा नंबर दिला. तिने मला फोन करून तीनदा थँक्यू म्हटलं. तिला मी काहीच सांगितलं नाही.

महिन्याभराने तिचा पुन्हा फोन आला. मी ड्यूटीवरून उतरून पार्किंगमध्ये आले होते.

"ताई, एका बाईला सुई टोचलीय," ती हळू आवाजात म्हणाली. "मॅनेजर म्हणतायत तसं फॉर्मवर लिहू का? ते खरं नाहीये पण."

पलीकडे पट्ट्याचा आवाज येत होता. मी गाडीचं दार उघडलं, पर्स आत ठेवली.

"तुझा व्हिसा कधी संपतोय?" मी विचारलं.

तिने सांगितलं.

"मग लिही," मी म्हणाले.