चार अंगठ्या

रेसिंगच्या ट्रॅकवर कठड्याशी माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ उभे होते. अंगात पांढराशुभ्र लेंगा-सदरा, गळ्यात मात्र जाडजूड चेन आणि गांधी टोपीवर चढवलेला गुलाबी काचांचा गॉगल. मी बघतोय हे पाहून ते ओशाळून म्हणाले, "पोराचं आहे हो सगळं. तो आत आहे."

मी माझी करंगळी दाखवली. तिच्यात माझ्या मुलीच्या, सईच्या, चार अंगठ्या कशाबशा अडकवल्या होत्या.

शर्यतीच्या गाडीत अंगावर धातू चालत नाही. आग लागली तर तो तापून कातडी भाजतो. म्हणून ही पोरं नटूनथटून येतात आणि गाडीत बसण्याआधी सगळा थाट आपल्या माणसांकडे उतरवून ठेवतात. हेल्मेट चढलं की कोण कुणाचं, ओळखू येत नाही.

या अंगठ्यांवरून घरी मी किती कुरकुर केली होती. आता एकेक चाचपत होतो. जिला नटायची एवढी हौस, तिला परत यायची घाई असणारच, अशी स्वतःची समजूत घालत होतो.

शर्यत संपली. सई आली आणि तिने हात पुढे केला. कितवी आली, हे विचारायचं मला सुचलंच नाही; मी एकेक अंगठी तिच्या बोटात चढवू लागलो.

"बाबा, ही त्या बोटातली नाही."

हात घामेजलेला होता, चांगला गरम होता. मी तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

म्हटलं, "अजून एखादी घेऊ या तुला."