करुणा आत्या कलकत्ता दाखवते

डोळे मिट, झोप आपोआप येते, असं आई म्हणाली म्हणून गौतमीनं डोळे मिटलेत. झोप काही येत नाही. पाय ठणकताहेत. खाली रस्त्यावर कोणीतरी सांताक्लॉजच्या लाल टोप्या विकतंय आणि एकच बंगाली वाक्य पुन्हा पुन्हा ओरडतंय. संध्याकाळी पार्क स्ट्रीटवर नाताळचे दिवे बघायला जायचंय, तिथं फार चालावं लागतं, म्हणून दुपारी हॉटेलात सक्तीचा आराम. आई बाजूला पडल्या पडल्या घोरायला लागली आहे. बाबा चहा बघून येतो सांगून खाली गेलेत.

तायडे कुटुंब अमरावतीहून परवाच इथं आलं. हे शहर गौतमीला दाखवणार होती ती करुणा आत्या, बाबांची मोठी बहीण. इथं रेल्वेच्या ऑफिसात होती. दर रविवारी फोन करायची आणि म्हणायची, "डिसेंबरात ये गं, नाताळात हे शहर नटून बसतं." ऑगस्टात ती फार आजारी पडली. बाबा एकटेच कलकत्त्याला आले, ती वारल्यावर आठवड्यानं परतले, आणि त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही. मग एक दिवस बाबांनी तिकिटं काढून आणली. का, कशासाठी, एक शब्द नाही.

गौतमीनं मात्र कोणाला न सांगता एक काम सुरू केलंय. ती आत्याला शोधते. हावड्याच्या पुलावर आत्यासारखा राखाडी स्वेटर घातलेल्या एका बाईच्या मागं ती इतकी दूर गेली की आईनं धावत येऊन तिला धरलं आणि भर पुलावर रागावली. वारली, वारली सगळेच म्हणतात. पाहिलं कोणी? बाबांनी. आणि बाबा तर बोलतच नाहीत.

टोपीवाल्याचा आवाज हळूहळू लांब जातो. पायाशी गादी दबते.

"काहून गं, दुपारची झोपून राहिली?" आत्या म्हणते. तोच चष्मा, खांद्याला तीच कापडी पिशवी. "ऊठ. तुझ्या बापानं, विन्यानं, तुला धड काही दाखवलं नाही. नुसतं पळवून राहिला."

"आई उठेल."

"नाही उठत. चपला घाल."

हॉटेलचा जिना उतरून दोघी खाली येतात, तर खाली सकाळी पाहिलेल्या म्युझियमचं दालन आहे. सकाळी इथं पाय ठेवायला जागा नव्हती. आता चिटपाखरू नाही. छताखाली देवमाशाची हाडं टांगली आहेत आणि त्यांच्यावर कोणीतरी चादरी वाळत घातल्यात. मधोमध काचेच्या पेटीत ममी आहे. सकाळी इथूनच बाबांनी गौतमीचा हात धरून तिला ओढत पुढं नेलं होतं. आत्या थांबते.

"बघ. सावकाश बघ. घाई नाही."

गौतमी काचेला नाक लावून बघते. "हा खरंच मेलेला आहे?"

"हो. केव्हाचा."

"आणि तू?"

"मीपण." चहा झाला का विचारल्यावर झाला म्हणावं, तसं आत्या म्हणते.

"मला कोणी दाखवलं नाही," गौतमी म्हणते. तिचा आवाज एकदम चढतो. "मला शाळेत पाठवलं. परीक्षा होती म्हणे. मला कसं कळणार?"

"बरोबर आहे तुझं. न पाहता कोण मानेल?" आत्या स्वेटरची बाही वर सारते आणि मनगट पुढं करते. "बाईंनी वर्गात नाडी बघायला शिकवली ना? बघ मग."

गौतमी दोन बोटं ठेवते. हात थंडगार आहे, विसळून ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यासारखा. बोटं इकडं सरकवते, तिकडं सरकवते. मग स्वतःच्या मनगटावर ठेवून बघते. तिथं टकटक चालू आहे. परत आत्याच्या हातावर.

"नाही लागत," ती म्हणते.

"नाही ना? हं."

गौतमीला रडू येतं. आत्या तिला गप्प हो म्हणत नाही. नुसती शेजारी उभी राहते. मग पिशवीतून रुमाल काढून देते, आणि नाक पुसून होईपर्यंत ममीच्या पेटीची काच ट्रामची खिडकी झालेली असते. दोघी लाकडी बाकावर बसल्यात आणि ट्राम खडखडत निघाली आहे.

बाहेर दुकानांवर लाल तारे टांगलेत. लोक केकचे खोके सांभाळत चालताहेत. एका चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी गवताचा गोठा मांडतंय. "हे बघ, इथं मी मासळी घ्यायची," आत्या बोट दाखवते. "तो पिवळा बंगला माझ्या ऑफिसचा. तिथल्या खिडकीत कबुतरं यायची, फाइलींवर घाण करायची." ट्राम वळते आणि राजकमल चौक लागतो. अमरावतीचा. संत्र्यांच्या गाड्या, रसवंती, पंक्चरवाला, सगळं जागच्या जागी. गौतमीला त्यात काही वावगं वाटत नाही.

"दुखलं का तुला?"

"दुखलं. शेवटी शेवटी फार. मग थांबलं."

"बाबा होते?"

"होता की. पायाशी बसून तळवे चोळून राहिला होता. बोलेना काही. मग मीच म्हटलं, विन्या, पोरीला डिसेंबरात आण, मी कबूल केलंय तिला."

गौतमी तिच्याकडं बघतच राहते. "म्हणून आणलं?"

"मग काय! नाहीतर त्याला कुठं हौस आहे फिरायची?"

"पण ते तुझं नावच घेत नाहीत. मी विचारलं तर उठून जातात."

"तो तसाच आहे. चांगला चालायला, पळायला लागला तरी बोलत नव्हता. आमच्या आईनं दवाखाने पालथे घातले. मी म्हणायची, अगं, बोलेल, आत पुरतं साठल्याशिवाय तो तोंड उघडत नाही." आत्या हसते. "तू विचारत राहा. उठून गेला तर मागं जा. पुलावर माझ्या मागं गेलीस तशी."

ट्रामला आता खडखड नाही. खाली पाणी आहे. लाकडी बाक तेच, पण ही होडी आहे, गंगेवरची, आणि वारा सुटलाय. गौतमीचे केस डोळ्यांत, तोंडात जाताहेत.

"इकडं पाठ कर," आत्या म्हणते.

तिची बोटं केसांत फिरतात. आई घालते तशी वेणी ही नाही. चार पेड घेते आत्या, एक खालून, एक वरून. अधूनमधून बट ओढली जाते आणि चांगलंच दुखतं. "रबर आहे का?"

"नाही."

"माझ्याकडंही नाही. जाऊ दे, शेंडा धरून ठेव."

होडी घाटाला लागते. पायऱ्यांवर स्वेटर, मफलर घातलेली माणसं आपापल्या गप्पांत आहेत. आत्या पिशवी खांद्याला अडकवून उतरते, पदर खोचते.

"मी येऊ?"

"तुला दिवे बघायचेत ना?"

"तुला नाही बघायचे?"

"माझे पाहून झालेत. हिरव्या दिव्यांच्या कमानीखाली उभी राहून बघ, तिथून रस्ता छान दिसतो." ती दोन पायऱ्या चढते आणि मागं वळते. "आता नको हं शोधू. लोकांच्या बायका घाबरतात."

गौतमी हसते, आणि हसता हसता तिला जाग येते.

पडद्याच्या फटीतलं ऊन भिंतीवर चढून पिवळं झालंय. न्हाणीघरात नळ चालू आहे, आई तोंड धुतेय. दार ढकलून बाबा आत येतात. त्यांच्या हातात मातीच्या भांड्यांतला चहा आहे.

"उठली का? चल, आवर..." ते म्हणतात आणि थांबतात.

गौतमीला कळत नाही ते काय बघताहेत. मग ती हात मागं नेते. पाठीवर वेणी आहे. चार पेडांची, खाली न बांधलेली, शेवटाकडं सुटत चाललेली.

बाबा चहा टेबलावर ठेवतात. जवळ येऊन वेणीचा एक पेड दोन बोटांत धरतात, मग दुसरा.

"ही कोणी घातली?"

"आत्यानं."

नळ बंद होतो. आई आतूनच काहीतरी विचारते, पण बाबांचं लक्ष नाही. "खाटेच्या सुतळीवर शिकली होती ती ही वेणी," ते म्हणतात. आवाज घोगरा आहे, पण आवाज आहे. "आमच्या आईची सगळी खाट उसवली होती. मार खाल्ला. पण घट्ट काही कधी जमली नाही तिला."

ते गौतमीच्या मागं पलंगावर बसतात आणि सुटत चाललेला शेंडा मुठीत घट्ट धरतात.

"काय म्हणाली?" ते विचारतात.

आणि गौतमी सांगायला लागते.