पहिल्या कम्युनियनचे गाऊन

एप्रिल २००२, ईस्टरनंतरचा रविवार, शहापूर. हजर: फादर, सिस्टर, मुलांना धर्मशिक्षण देणारी मी, चार मुली, त्यांच्या आया आणि ठाण्याहून आणलेला फोटोग्राफर. गैरहजर: पाचवी मुलगी. प्रार्थना सगळ्यांत चोख तिलाच पाठ होत्या.

त्या दिवशी या मुली पहिल्यांदा ख्रिस्तशरीर, म्हणजे फादर जिभेवर ठेवतात ती पवित्र भाकर, घेणार होत्या. त्यासाठी आमच्याकडे एक जुनी पद्धत होती. सिस्टरनी एकाच ताग्यातून शिवलेले पांढरे सुती फ्रॉक चॅपेलच्या ट्रंकेत असायचे. दर वर्षी धुऊन, खळ घालून, उंचीप्रमाणे दुमड सोडून आम्ही ते मुलींना द्यायचो. अधिकाऱ्याची मुलगी आणि मजुराची मुलगी वेदीपुढे सारखीच दिसायची. हेतूच तो होता.

त्या वर्षी भातसानगरच्या धरण वसाहतीतल्या एका साहेबांच्या बायकोनं मुलीसाठी मुंबईहून गाऊन आणला. घेरदार, मण्यांचा, वर मुकुट. आठवड्याभरात आणखी तिघींच्या आयांनीही आणले. मी हरकत घेतली.

"टीचर, ट्रंकेतल्या फ्रॉकांना डांबरगोळ्यांचा वास येतो."

"मग उन्हात घाला."

"अहो, पोरीची कम्युनियन एकदाच होते!"

"लग्नही एकदाच होतं. तेही आजच उरकून टाका."

हसल्या सगळ्या. गाऊन मात्र कुणी परत केला नाही.

पाचव्या मुलीचे वडील मुरबाडला जाणारी प्रवासी जीप चालवायचे. इस्त्री केलेला फ्रॉक घेऊन मी त्यांच्या घरी गेले. आईनं तो हातात घेतला, घडी मोडू न देता परत दिला.

"गेल्या साली घातला असता, टीचर. आता पोर एकलीच यात उभी राहील. कोनी बोलायला नको, सगल्यांना दिसतंय."

"देव कपडे बघत नाही."

"देवाचं नाय हो. मी बायांचं बोलते."

फ्रॉक घेऊन मी परत निघाले. जो फ्रॉक फरक झाकायला शिवला होता, तोच आता गरिबीची खूण झाला होता. चार गाऊनांनी एवढं काम केलं.

मिस्सात, म्हणजे चॅपेलमधल्या उपासनेत, फादरांनी 'देव रानफुलांनाही सजवतो, तुम्ही कपड्यांची चिंता करू नका' या वचनावर प्रवचन दिलं. समोर मुली नायलॉनच्या जाळीत खाजवत बसल्या होत्या. कम्युनियनच्या वेळी एक आई पुढे येऊन लेकीचा घेर पसरून गेली. फोटोग्राफर म्हणाला, "फादर, एकदा परत." आणि फादरांनी ख्रिस्तशरीर धरलेला हात परत वर नेला. मुलगी तोंड उघडं ठेवून थांबली. फोटो छान आला म्हणे.

केक कापताना चर्चा दुकानांची. पाचव्या मुलीची आठवण मीच काढली.

"अगंबाई, सांगायचं ना! पुतणीचा जुना गाऊन पडलाय, दिला असता तिला."

उतरलेला गाऊन दान करायची तयारी होती. तिच्यासारखा फ्रॉक आपल्या मुलीला घालायची नव्हती. याला त्या दया म्हणतात.

पावसाळ्याआधी ते कुटुंब मुरबाडला राहायला गेलं. फादर म्हणाले, तिचं पुढच्या वर्षीच्या मुलांबरोबर बघू. पुढच्या वर्षीच्या आयांनी आत्ताच दुकानाचा पत्ता मागितलाय. म्हणून मी वेगळं ठरवलं: आठवड्यातला साधा वार, सकाळची मिस्सा, मुलगी शाळेच्या गणवेशात, फोटोग्राफर नाही. फादर हो म्हणाले. सिस्टर येणार आहेत. मुलीच्या आईला विचारायला मुरबाडला जायचंय, ते अजून झालेलं नाही.