कुसुमच्या अंगणातला हेलियम

ईरा आणि नील, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, कन्हानची विहीर बुजवली का गं?" मलाच ते ठाऊक नव्हतं. म्हणून काल बसने कन्हानला जाऊन आले. अजून सगळं ताजं आहे, तोवर क्रमाने लिहिते.

कामठी मागे पडली आणि नदीचा पूल आला. खाली वाळूत डांगरवाड्या (नदीपात्रातले कलिंगडांचे मळे) हिरव्यागार होत्या. स्टँडवरून चालत कुसुमकडे गेले. कुसुम माझी वहिनी. तिच्या अंगणातली विहीर माझ्या वडिलांनी खणलेली. रस्त्यापलीकडच्या पेट्रोलपंपाची जमिनीखालची टाकी गळली आणि विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला, तेव्हापासून जाळीला कुलूप आहे.

अंगणात इंजिनियर फुलझेलेबाई मीटर घेऊन बसल्या होत्या. सफाईसाठी पंपाजवळ जमिनीत खोल हवा सोडतात. ती पाण्यातून वर येताना पेट्रोलची वाफ घेऊन येते. पण हवा नेमकी कुठवर पोचते, हे कळावं कसं? म्हणून काल तिच्यात तुमच्या फुग्यांतला हेलियम मिसळला होता. विहिरीशेजारच्या बारीक पाइपात तो सापडला, तर सफाई चालू राहणार. नाही सापडला, तर विहीर बुजवणार.

तीनदा मोजलं. तिन्ही वेळा शून्य.

"काही नाही का वं?" कुसुमने विचारलं.

"नाही काकू. हवा इकडे येऊनच नाही राहिली."

मी पाइपाकडे पाहिलं. भोवती ताजं सारवण, वर ओला सडा.

"कुसुम, सडा टाकताना पाणी आत जात नाही?"

"काहून जाईन? बोळा कोंबला ना म्या, काडीनं पार खाली! पाणी नाही, उंदीर नाही."

फुलझेलेबाईंनी कपाळावर हात मारला. "काकू, जमिनीचा वास घ्यायले पाइप ठेवला, तुम्ही त्याचं नाकच बंद केलं!"

तारेचा आकडा करून बोळा काढला. कुसुमच्या जुन्या लुगड्याचा चांगला हातभर काठ निघाला! मग थांबायचं होतं, म्हणून सांबारवडी (इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) खाल्ली. मी चार खाल्ल्या. तासाभराने मीटर लावला आणि आकडा वर चढू लागला.

"आली हवा!" फुलझेलेबाई म्हणाल्या. "आता बुजवायचं कारण नाही."

"माहं नाव नको लिहू बाई कागदात."

"लिहाच लागते, काकू. सकाळी शून्य काहून आलं, तर बोळा."

कुसुम डोळे पुसत इतकी हसली की तिला ठसका लागला.

परतताना बसमध्ये मला माझंच हसू आलं. जाताना मी विहिरीचा निरोप घ्यायची मनाशी तयारी करत गेले होते. दोन फोटो काढायचे, हेही ठरवलं होतं. फोटो काढायचे राहूनच गेले.

पाण्याला अजून पेट्रोलचा वास आहे, जाळीला कुलूप आहे, आणि विहीर आहे.