चौतीस खडे

खड्यांची पद्धत आमच्या गटात माझ्या आईमुळे आली. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते त्या पद्धतीतून झालं आणि ती चालवणारा मी होतो.

भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीतली माणसं महिन्यातून एका रविवारी पहाटे माळावर जातात. पक्षी बघायचे, गवत ओळखायचं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन ऊन चढायच्या आत परत. कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आमच्या गल्लीत राहतात, त्यांनी हे सुरू केलं. सहा वर्षांच्या मुलीपासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गृहस्थांपर्यंत सगळे येतात. मी टॉवेलच्या कारखान्यात माल बाहेर जातो त्या दारावर एकवीस वर्षं आहे. एका गाठोड्यात किती डझन, एका गाडीत किती गाठोडी, हे माझं काम. त्यामुळे माणसं मोजायचं काम आपसूक माझ्याकडे आलं.

पहिल्या सहलीला मी गाडीच्या दारात उभा राहून एकेकाकडे बोट दाखवत मोजायला लागलो. आई तिसऱ्या सीटवर होती.

"बोट खाली घे आधी," ती म्हणाली. "माणसं मोजत नसतात."

"काकू, टॉवेल मोजायची सवय हो त्यांना," मागून कुणीतरी म्हणालं.

"टॉवेल मोज की किती मोजायचे ते. टॉवेलला नजर लागत नाही."

गाडीत हशा झाला, पण आई हसली नाही. तिचं माहेर अक्कलकोटच्या बाजूला. तिकडे खळ्यावर ज्वारी मोजताना तिचे वडील पहिल्या मापाला एक म्हणत नसत, 'लाभ' म्हणत, मग दोन, तीन. जी गोष्ट वाढावी असं वाटतं ती एकवर अडकवायची नाही. आणि घरातली माणसं तर मोजायचीच नाहीत.

मग तोड तिनेच काढली. माळाच्या फाटकापाशी गुडघाभर उंचीचा एक सपाट धोंडा आहे. त्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवायचा. आत जाताना प्रत्येकाने एक खडा उचलून डब्यात टाकायचा. परत येताना प्रत्येकाने एक काढून फेकून द्यायचा. डबा रिकामा झाला की सगळे आले. पहिला खडा नेहमी आई टाकायची आणि टाकताना 'लाभ' म्हणायची. सगळे आत गेले की मी खडे मोजत असे. त्याला तिची हरकत नव्हती.

मला ही पद्धत मनापासून आवडली होती. तिच्यात कुणाच्या बोलण्यावर विसंबायचं काम नव्हतं. अकरा सहलींत एकदाच खडा उरला. आम्ही वीस मिनिटं थांबलो, हाका मारल्या, आणि शेवटी कळलं की सहा वर्षांच्या त्या मुलीला स्वतः टाकलेला गुलाबी खडाच हवा होता, तो सापडला नाही म्हणून तिने काढलाच नव्हता. त्या दिवसापासून लोक मला डब्याचे मॅनेजर म्हणायला लागले.

याच काळात घरात दुसरं काहीतरी सुरू झालं होतं. आई वरणात दोनदा मीठ घालायची. जानेवारीत असं तीनदा झालं, फेब्रुवारीत पाचदा. एकदा भाजी आणायला गेली आणि बंद होऊन नऊ वर्षं झालेल्या पिठाच्या गिरणीपाशी उभी राहिली. ओळखीचा माणूस तिला घेऊन आला. मी हे सगळं मनात मांडून ठेवत होतो, पण त्याची बेरीज करत नव्हतो. वय चौऱ्याहत्तर, एवढं चालायचंच, असं म्हणत होतो.

मार्चच्या सहलीला बायको येणार नव्हती. मुलीची बारावीची परीक्षा चालू होती. पहाटे पाण्याच्या बाटल्या भरताना ती म्हणाली, "या वेळी आईंना नका नेऊ. परवा त्यांना आपलं न्हाणीघर सापडत नव्हतं."

"बाहेर गेली की तिला बरं वाटतं."

"मग जा घेऊन. पण डबा तुम्ही सांभाळालच. आईंना सांभाळा."

मी हो म्हणालो.

दोन मिनीबस होत्या, प्रत्येकीत सतरा माणसं. आई माझ्याबरोबर पहिल्या गाडीत बसली. सहा चाळीसला फाटकापाशी पोचलो. धोंड्यावर डबा ठेवला. आईने खडा टाकला, पण 'लाभ' म्हणाली नाही. डब्यात बघत नुसती उभी राहिली. मागे रांग थांबली होती.

"आई, म्हण की."

"काय म्हणू?"

मागच्या काकूंनी हळूच त्यांचा खडा टाकला आणि रांग पुढे सरकली. या काकू आमच्या शेजारच्या, आईच्या खास. सगळे आत गेल्यावर मी मोजले. चौतीस.

तो दिवस पहिल्यापासून नीट नव्हता, असं आता वाटतं. तेव्हा फक्त इतकं जाणवलं की वारा अजिबात नाही. एरवी त्या माळावर चंडोल सारखे वर चढून गात असतात. त्या दिवशी एकही उठला नाही. गवत पार वाळून पांढरं पडलं होतं, आणि चालताना पायाखाली मोडायचं तेवढाच आवाज. पाणवठ्यापाशी सर वाकले आणि त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. वाळत चाललेल्या चिखलात पावलं उमटली होती.

"लांडगा," सर म्हणाले. "दोन आहेत. रात्रीचीच पावलं."

"माणसाला काही करतो का हो सर?"

"छे. लांबून बघतो आणि निघून जातो. तो आपल्याला दिसायच्या आधी आपण त्याला दिसलेलो असतो."

सगळ्यांनी फोटो काढले. आई पावलांकडे बघत म्हणाली, "कुत्रं मोकळं सोडलंय कुणीतरी. बांधा म्हणावं." दोनचार जण हसले. मीही हसलो.

साडेआठला बाभळींच्या विरळ सावलीत खायला बसलो. आईने अर्धी भाकरी खाल्ली. नऊच्या पुढे उन्हाचा चटका बसायला लागला तसं सर म्हणाले, आवरा. फाटक तिथून तीनशे पावलांवर. काही बायका झुडपांच्या आड जाऊन आल्या, लोक दोघेचौघे फाटकाकडे निघाले. मी पुढे जाऊन धोंड्यापाशी उभा राहिलो, कारण ती माझी जागा होती.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे.

आईचे गुडघे दुखायचे. धोंड्यापाशी वाकायला नको म्हणून आधीच्या चार सहलींत काकू तिचा खडा काढून द्यायच्या. आपला एक आणि तिचा एक. वडीलधाऱ्या माणसाला वाकायला लावायचं नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. आई शेजारी उभी असायची, त्यामुळे मी कधी बोललो नाही. त्या दिवशी काकू आल्या, डब्यात हात घातला आणि दोन खडे काढले. शेजारी आई नव्हती. मला ते दिसलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो, हातात दोन खडे होते, आणि दोन बरोबर होते. काकू मागच्या गाडीत चढल्या. मला वाटलं, आई त्यांच्या आधीच चढली असेल. काकूंना वाटलं, ती आली तशी माझ्या गाडीत बसली असेल.

डबा रिकामा झाला. मी तो उलटा करून ठोकला, झाकण लावलं, आणि ड्रायव्हरला म्हणालो, "चला, सगळे आले." नऊ पस्तीस झाले होते.

गल्लीच्या तोंडाशी उतरलो तेव्हा दहा वीस. बायको दारात उभी होती. तिने माझ्या हातातला डबा बघितला, मग माझ्या मागे बघितलं.

"आई कुठायत?"

"मागच्या गाडीत."

मागची गाडी येऊन थांबली. एकेक जण उतरला. शेवटी काकू उतरल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "त्या गेल्या का घरात?"

मग त्यांनाच कळलं. त्या मिनीबसच्या पायरीवर बसल्या. "मी काढला हो त्यांचा खडा. त्या झुडपामागे गेल्या होत्या, म्हटलं येतीलच. तोवर आपण काढून ठेवू."

 बायकोने माझ्या हातातून डबा घेतला आणि पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या.

तीच गाडी वळवली. सर बरोबर आले. तिथल्या रखवालदाराला ते सारखा फोन लावत होते, लागत नव्हता. बावीस किलोमीटर. मी हिशोब करत होतो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. आईकडे फोन नाही. पाणी नाही, बाटली माझ्या पिशवीत. पायात पातळ चपला. म्हातारं माणूस तासाला दोन किलोमीटर चालतं असं धरलं तर आम्ही पोचेपर्यंत ती तीन किलोमीटरवर असू शकते, कुठल्याही दिशेला. तीन किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे अठ्ठावीस चौरस किलोमीटर माळ. आकडा आला आणि मी पुढे मोजायचं थांबवलं.

फाटकापाशी कुणी नव्हतं. धोंड्यावर हात ठेवला तर भाजला. झुडपांमागे चपलांचे ठसे सापडले, ते फाटकाकडे न येता उलट पाणवठ्याच्या बाजूला गेले होते. पाणवठ्यापाशी चिखलात आमचे सकाळचे चौतीस जणांचे पाय आणि त्यातून निघालेली तिची एकटीची पावलं. पुढे जमीन कडक, ठसा उमटत नाही. मी "आई" म्हणून हाका मारत होतो. त्या माळाला काही कड नाही, त्यामुळे हाक परत येत नाही. एक घार आमच्या पुढे घिरट्या घालत होती. सर तिच्याकडे बघत होते आणि मी बघतोय हे कळल्यावर त्यांनी नजर खाली घेतली.

अकरा चाळीसला मेंढरं दिसली. एका हिवराच्या झाडाखाली कळप दाटून उभा होता, आणि डोक्यावर पदर घेतलेली एक मेंढपाळ बाई आमच्याकडेच बघत होती.

"म्हातारी तुमची का?" ती लांबूनच ओरडली.

"हो! कुठंय?"

"हितं हाय की. लई येळ झाला. उन्हात एकटीच चालली हुती, बोलावलं तर म्हनती, डबा बघायलीय. कसला वो डबा? जेवनाचा का?"

मी पळत झाडापर्यंत गेलो.

"पानी पाजलंय. डोक्यावर वलं फडकं टाकलंय. तुमी समदी मानसं आन् एक म्हातारी तुमच्या ध्यानात न्हाय?" मग कळपाकडे हात करून म्हणाली, "ही एकशेवीस हायत. मी मोजत न्हाय. पर एक मागं राहिलं तर मला झोप येत न्हाय."

आई मेंढरांच्या मधोमध बसली होती. चेहरा लाल, ओठ फुटलेले. एका पायात चप्पल नव्हती. उजवी मूठ घट्ट मिटलेली. मी समोर बसलो तशी तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

"बंद्या, अण्णा?" ती म्हणाली.

'आलास का, अण्णा' असं ती कानडीत विचारत होती. अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ. त्याला जाऊन आठ वर्षं झाली.

मी हो म्हणालो. मग तिने मूठ उघडली. आत एक खडा होता. इतका घट्ट धरलेला की तळव्यात खड्डा पडला होता. "डबा सापडेना," ती म्हणाली. "सगळ्यांनी टाकले, माझा राहिला."

दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं. शरीराने ती बरी झाली. डॉक्टर म्हणाले, आजार आधीपासूनच होता, एका दिवसात आलेला नाही. हे बरोबर आहे आणि मला त्याचा काही उपयोग नाही. त्या दिवसापासून मी तिचा मुलगा क्वचितच असतो. बहुतेक वेळा अण्णा असतो.

काकू रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसतात. मी त्यांना एकदा सांगितलं की तुम्ही दोन खडे काढताना मी बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग निदान विचारायचं होतंत." बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

सहली चालू आहेत. आता सर प्रत्येकाला हाक मारतात आणि ज्याने त्याने ओ द्यायची. मी जात नाही. कारण रविवारी पहाटे आई उठून, चपला घालून दाराशी उभी असते. कुणी सांगत नाही, तिला वार कळत नाही, तरी गल्लीत गाड्यांचा आवाज झाला की उठते. हातात कुंडीतला एखादा खडा असतो. दोनदा ती कडी काढून बाहेर गेली. दुसऱ्यांदा आम्हाला मोठ्या रस्त्यावर सापडली.

म्हणून मागच्या आठवड्यात मी दाराला वर दुसरी कडी लावली. आधी माप घ्यायला हवं होतं. आईला भिंतीशी उभं केलं आणि म्हणालो, वरच्या फळीवरचा डबा पोचतोय का बघ. तिने हात वर केला, टाचा उचलल्या, बोटं ताणली. डबा म्हटल्यावर तिने जीव तोडून हात वर केला. मी पेन्सिलने खूण केली. पाच फूट दहा इंच.

कडी सहा फूट दोन इंचांवर बसवली आहे.