लर्लीनची प्रार्थनेची साखळी

लर्लीन स्टोव्हॉलने जन्मात कोणाविरुद्ध वाकडा शब्द काढला नाही. ती फक्त प्रार्थना करायला सांगायची.

आमच्या ओक्लाहोमातल्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बायकांची फोनची साखळी आहे. कोणी आजारी पडलं की पहिलीने दुसरीला कळवायचं, दुसरीने तिसरीला. निरोप आपल्यापाशी अडवायचा नाही, एवढाच नियम. लर्लीनने त्या साखळीच्या जोरावर अख्खी काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, जिंकली.

"नेडीन, ब्रदर ड्वेनसाठी प्रार्थना कर गं. शाळेच्या वाचनालयात नको ती पुस्तकं ठेवा म्हणाला बिचारा!" असं ती मला कळवळून सांगायची. आमच्या चर्चमध्ये प्रत्येक पुरुष 'ब्रदर'च. संध्याकाळपर्यंत ड्वेनला बघून लोक रस्ता बदलायला लागायचे. तो शाळा मंडळाच्या निवडणुकीत सपाटून आपटला. तक्रार कुठे करणार? प्रार्थनेविरुद्ध बोलायची आमच्याकडे कोणाची छाती आहे?

असं एकेकाला प्रार्थनेने आडवं करत लर्लीन शाळा मंडळाची अध्यक्ष झाली. विरोधक संपले. मग नवे पाद्री ब्रदर केंडल आणि त्यांची तरुण मंडळी आली. त्यांना लढायची भारी हौस, आणि लढायला बाहेर कोणी उरलंच नव्हतं.

यंदा लर्लीन पुन्हा उभी होती. नवरा गेलेला, मुलं डॅलसला. त्या खुर्चीशिवाय तिला होतं काय? तशात ती मेथॉडिस्टांच्या, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या चर्चच्या, जेवणाला गेली. तिथे त्यांच्या बाई पाद्रीने प्रार्थना म्हटली. तळलेला मासा गार होत होता म्हणून असेल, लर्लीन मोठ्याने 'आमेन' म्हणाली. आमच्यात बाईने पाद्री होणं म्हणजे घोर पाप, आणि तिच्या प्रार्थनेला 'आमेन' म्हणणं म्हणजे त्या पापाला होकार. ब्रदर केंडलच्या बायकोने ते नेमकं ऐकलं.

शनिवारी माझा फोन वाजला. साखळीत लर्लीननंतर माझा नंबर.

"नेडीन, एकीसाठी प्रार्थना करायचीय." आवाज पार बसलेला.

"कोणासाठी गं?"

"लर्लीन स्टोव्हॉलसाठी. वाट चुकलीय म्हणे ती."

"अगं बाई, मग तू कशाला सांगत सुटलीस? गप्प बसायचं. तुझ्यापाशीच संपलं असतं."

"साखळी तोडू? मी?" ती खरंच दुखावली. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. तिने ते ऐकलं असावं.

"रडत बसू नकोस," ती खेकसली. "पुढचीला लगेच फोन लाव. मंगळवारी मतदान आहे."